चोळीबांगडीच्या तीन बांध्या

पुंडलिकरावांच्या ताटात तांदळाच्या पिठाचा तिसरा आयता पडला, त्यावर आंब्याचा रस ओतला गेला, तेव्हा कुठे केवळरामांनी विषयाला हात घातला. रिकाम्या पोटी माणूस भांडतो आणि भरल्या पोटी पेंगतो, म्हणून कामाचं बोलणं मधेच काढावं, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

"तं साहेब," ते म्हणाले, "तुमचं कालेज धान रोवणार काय?"

पुंडलिकराव हसले. भंडाऱ्याच्या शिक्षण महाविद्यालयात ते कार्यालय अधीक्षक होते. बी.एड.च्या मुलांसाठी येणाऱ्या देणग्या आणि शिष्यवृत्त्या यांचं सगळं काम त्यांच्याच टेबलावरून जाई. मूळचे पवनीचे, त्यामुळे धान म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

"कॉलेज शेती करत नाही," ते म्हणाले. "जमीन कोणी दिली तर ती आम्ही विकतो. आलेला पैसा बँकेत ठेव म्हणून राहतो. त्याच्या व्याजातून दरवर्षी एखाद-दुसऱ्या मुलीची फी आणि वसतिगृहाचा खर्च निघतो. मुद्दलाला कोणी हात लावत नाही. आपण सगळे गेलो तरी ते चालत राहतं."

"विकता कोणाले?"

"जाहीर लिलाव होतो. जो जास्त बोलेल त्याला."

केवळरामांनी हातातला घास ताटात ठेवला. जास्त कोण बोलेल हे ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेजारच्या शेताचा इश्वर. तलावाच्या पाण्यावरून त्याचा आणि या घराचा दावा तहसीलपर्यंत गेला होता, आणि दोघांनीही तो अजून मनातून काढला नव्हता.

गोष्ट तीन बांध्यांची, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तीन तुकड्यांची होती. सिहोऱ्याच्या तलावाला लागून असलेली ही जमीन भय्याजींनी, म्हणजे केवळरामांच्या वडिलांनी, नवऱ्याचं घर सोडून परत आलेल्या लेकीला, शकुनबाईला, चोळीबांगडीसाठी लावून दिली होती. अंगावरचं लुगडं आणि हातातली बांगडी तिला कुणाच्या तोंडाकडे न बघता घेता यावी, एवढीच तजवीज. भय्याजी जाऊन दहा वर्षं झाली. सातबारावर शकुनबाईचं नाव होतं, धान मात्र घरच्याच कोठीत येत होतं. शकुनबाईनंतर जमीन कुठे जाणार हे कोणी कधी बोललं नाही, कारण बोलायची गरजच वाटली नव्हती.

आणि काल सकाळी चुलीपुढे भाकरी थापता थापता शकुनबाई सहज म्हणाली होती, "उद्या भंडाऱ्याहून कालेजचे साहेब येऊन राहिले. माह्या तीन बांध्या पाहाले. मी त्या कालेजले देऊन राहिली." धाकट्या भावाच्या मुलीला, चंद्रकलेला, सोबत घेऊन ती एस.टी.नं भंडाऱ्याला जाऊन आली, ते बाजारहाटासाठी नव्हे हे घराला तेव्हा कळलं.

केवळरामांना जमिनीचा लोभ नव्हता, निदान त्यांची तशी समजूत होती. त्यांना धास्ती पाण्याची होती. तलावाच्या पाळीतलं दार, तुडूम, उघडलं की पाणी पहिल्यांदा या तीन बांध्यांत उतरायचं. त्या भरल्या की मातीचा धुरा फोडून ते खाली घरच्या बांध्यांत घ्यायचं. वेगळा पाट काढायला जागाच नव्हती. वरचा माणूस घरचा असेपर्यंत याचा कोणी विचार केला नाही. आता ऐन रोवणीत इश्वर धुऱ्यावर खाट टाकून बसलेला त्यांना दिसायला लागला.

"शकुन," ते आतल्या दाराकडे बघत म्हणाले, "तुले काही कमी पडलं काय घरात?"

शकुनबाई चौकटीला टेकून उभी होती. सेहेचाळीस वर्षांची, उंच, मोठ्या भावासमोर अजून डोक्यावरून पदर घेणारी. "नाही जी दादा. कमी काही नाही पडलं."

"मंग?"

"द्यावीशी वाटली."

एवढ्यात तेजराम बोलला. तेजराम धाकटा, घरचं धान-तांदळाचं दुकान सांभाळायचा आणि मोठ्या भावासमोर सहसा तोंड उघडायचा नाही. "दादा, बाईची जमीन आहे, बाईची मर्जी. पुण्याचं काम आहे. आपण कायले आडवं याचं?"

केवळरामांनी त्याच्याकडे पाहिलं. तेजरामला पुण्य आठवलं म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

आत केवळरामांची बायको सत्यभामाबाई तव्यावर आयते घालत होती आणि जाऊ निर्मलाबाई रस गाळत होती. निर्मलाबाई आज गुणगुणत होती. मोठ्या जावेच्या कानाला ते सकाळपासून खुपत होतं. तेजरामची बायको कामं करताना गुणगुणणारी नव्हती.

सत्यभामाबाईला आकडेमोड येत नसे, पण माणसांचा हिशेब तिचा पक्का होता. चंद्रकला बी.ए. झाली. तिला बी.एड. करायचं होतं, भंडाऱ्याला राहून. महिन्याभरापूर्वी केवळराम साफ नाही म्हणाले, घरच्या पैशातून त्यांच्या मुलासाठी, भोजराजसाठी, ट्रॅक्टर घ्यायचा ठरला होता. तेव्हा मायलेकी दोन दिवस तोंड पाडून हिंडल्या. आणि आता अचानक शकुनबाईला कॉलेजला जमीन द्यावीशी वाटली, कॉलेज त्यातून मुलींची फी भरणार, तेजरामला पुण्य सुचलं आणि निर्मला गुणगुणत होती.

तिला राग आला तो चंद्रकलेचा नव्हे. पोर गुणी होती. तिला आपली लेक रत्ना आठवली. रत्नाला मॅट्रिकनंतर नर्सचं शिकायचं होतं. तेव्हा याच ओसरीवर केवळराम नाही म्हणाले होते, तेजराम गप्प बसला होता, आणि सहा महिन्यांत रत्नाचं लग्न नाकाडोंगरीला लागलं होतं. तेव्हा कोणाला तीन बांध्या आठवल्या नव्हत्या. हे तिने आजवर कोणालाही बोलून दाखवलं नव्हतं, पण ते तिच्या पोटात होतं आणि आज ते वर आलं.

आयत्यांची थाळी घेऊन ती बाहेर गेली. पुंडलिकरावांना वाढलं. मग पदर सावरून, पाहुण्याशी नव्हे तर थाळीशी बोलावं तसं म्हणाली, "साहेब, एक इचारू काय जी? हे इस्कालरशिप देणाऱ्याच्या घरच्याच पोरीले भेटली तं चालते काय?"

आत निर्मलाबाईचा गाळणीवरचा हात थांबला.

"नाही ना," पुंडलिकराव म्हणाले. त्यांना प्रश्नात काही विशेष वाटलं नाही. हा प्रश्न ते रोजच ऐकत असावेत. "पहिले चालत होतं. तं झालं काय, एका दात्यानं वडिलांच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवली आणि ती दरवर्षी त्याच्या पुतण्यालाच भेटायची. पुतण्या दरवर्षी नापास व्हायचा आणि दरवर्षी नव्यानं अर्ज करायचा. दुसऱ्या एकानं अट घातली, की ज्या मुलीला पैसे भेटतील तिनं माझ्या आईच्या श्राद्धाला येऊन पंगतीत वाढायचं. पोरगी रडत आली प्राचार्यांकडे. मग समितीनं नियमच करून टाकला. दात्याच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणालाही ती शिष्यवृत्ती नाही. मुलगी, पुतणी, भाची, नात, कोणीच नाही. आणि निवड कॉलेज करणार, दाता नाही."

"कितीही हुशार असली तरी?" तेजरामनं विचारलं.

"पहिली आली तरी."

तेजरामनं खाली पाहिलं. सत्यभामाबाईनं त्याला आणखी एक आयता वाढला, त्यानं नको म्हटलं तरी वाढला.

चंद्रकला माजघरात उभी राहून हे ऐकत होती. तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त, आपण किती बावळट याचं तिला आश्चर्य वाटलं. कॉलेजच्या ऑफिसात आपणच आत्याला घेऊन गेलो, आत्या पुंडलिकरावांशी जमिनीबद्दल बोलली, आपण शेजारी बसून होतो, आणि दोघींपैकी एकीलाही ही साधी गोष्ट विचारायची सुचली नाही. आत्याचा विचार सरळ होता. बांध्या चंद्रकलेच्या नावावर केल्या तर केवळरामदादा म्हणतील, धाकट्याच्या घराला झुकतं माप दिलं. धान विकून स्वतः फी भरली तरी तेच. पण कॉलेजला देऊन टाकली तर जमीन कोणाचीच राहत नाही आणि भांडायला कोणाला जागा उरत नाही. मग कॉलेज चंद्रकलेला देईल, कारण ती हुशार आहे आणि आत्या देणारी आहे. गावात देवळाला कोणी धान दिलं तर पहिला प्रसाद त्याच्या घरी येतो, तसंच हे असणार, असं दोघींनीही धरून चाललं होतं.

बाहेर जेवणं उरकली. पानसुपारी आली. आणि अर्ध्या तासात सगळ्यांच्या बाजू बदलल्या.

"तं मंग दादा म्हणते तेच बरोबर आहे," चंद्रकलेचे वडील म्हणत होते. "घरची जमीन बाहेर कायले द्याची? साहेब, तुमी राग नका मानू. पण हे थोडं घाईनं झालं."

"घाई कायची?" सत्यभामाबाई आतून म्हणाली. तिचा आवाज आता मोकळा झाला होता. "आता तं पुण्याचं काम होतं ना भाऊजी. देऊ द्या ना बाईले. परक्याच्या पोरीले भेटलं तं आपल्याले काय दुखते?"

"वयनी, तुमाले शेतीतलं काय समजते?"

"मले समजते ते समजते."

"चूप राहा तुमी दोघं," केवळराम म्हणाले. "साहेब, माह्या भावाचं आणि माह्यं एकच मत आहे. आमी जमीन देत नाही."

"जमीन बाईंची आहे," पुंडलिकराव शांतपणे म्हणाले. "मला बाईंकडूनच ऐकावं लागेल."

"बाईचंही तेच मत होईन," तेजराम म्हणाला. मग त्याने घसा साफ केला, आणि चंद्रकलेच्या लक्षात आलं की वडील आता जे बोलणार आहेत ते त्यांनी हात धुता धुता ठरवलं आहे. "दादा, एक सांगू काय? बाईले द्याचीच आहे आणि पोरींच्या शिक्षणासाठीच द्याची आहे, तं सरळ चंद्रकलेच्या नावावर करून देऊ द्या. घरची जमीन घरात राहीन. पाणीही घरात राहीन."

"घरात म्हणजे कोणाच्या घरात?" केवळरामांनी विचारलं.

"आपल्या."

"उद्या ते लग्न होऊन जाईन. तवा तिच्या नवऱ्याच्या घरात. आणि तोपर्यंत तुह्या घरात. माह्या बांध्यांचं पाणी तुह्या पोरीच्या हातात."

"म्हणजे तुमाले माह्यावर भरोसा नाही?"

"तुले माह्यावर भरोसा असता तं तू पहिलेच मले येऊन सांगतलं असतं, का बाई भंडाऱ्याले कायले जाऊन राहिली. तुले मालूम होतं."

तेजराम उभा राहिला. "मंग दादा, भरोसा नाही तं असं करू. वाटणी करून टाकू."

हा शब्द या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. भय्याजींच्या तेरवीलासुद्धा कोणी तो काढला नव्हता. निर्मलाबाई दाराआड खाली बसली. सत्यभामाबाईनं तोंडाला पदर लावला, कारण आपल्या एका प्रश्नानं गाडी इथपर्यंत येईल असं तिला वाटलं नव्हतं. पुंडलिकराव बूट कुठे ठेवले ते शोधायला लागले.

चंद्रकला ओसरीवर आली. बाहेरच्या माणसासमोर तिने असं येणं घरच्या रिवाजात नव्हतं.

"मोठे बाबूजी," ती म्हणाली, "वाटणी नका करू. बाबूजी, तुमी बसा. मी नाही जात भंडाऱ्याले. मले नाही करायचं बी.एड. माह्यासाठी काही भांडू नका."

सगळ्यांना बरं वाटलं. खरंच वाटलं. केवळरामांनी श्वास सोडला. तेजराम बसला. "शहाणी आहे पोर," सत्यभामाबाई म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. सुटका झाल्यासारखी सगळी ओसरी हलली, कोणी पानाचं तबक पुढे सरकवलं. घर वाचलं होतं, त्याची किंमत एका पोरीनं आपणहून देऊन टाकली होती आणि ती फारशी मोठी आहे असं कोणालाही वाटत नव्हतं.

शकुनबाईला मात्र बरं वाटलं नाही.

ती अजून चौकटीलाच उभी होती. एवढा वेळ तिच्या जमिनीवर सगळे बोलले आणि तिला कोणी विचारलं नाही, यात तिला नवं काही नव्हतं. पण 'मी नाही जात' हे शब्द तिच्या ओळखीचे होते. जसेच्या तसे. याच ओसरीवरचे.

"चंद्रकला," ती म्हणाली, "मांगं सर. मी बोलतो."

ती बाहेर आली आणि खाली बसली नाही. "साहेब, तुमी बसा. तुमाले जेवाले मी बोलावलं, दादानं नाही. माह्यं ऐकून जा."

पुंडलिकराव बूट हातात घेऊनच बसले.

"दादा, तुमाले मालूम आहे, तेजरामले नसंन, तो लहान होता," शकुनबाई म्हणाली. "मी तिकडून परत आली तवा सतरा वर्षांची होतो. सातवी पास होतो, सगळ्या शाळांमधून पहिली आली होतो. आमच्या शाळेच्या कलाबाई मास्तरीणबाईनं नागपूरच्या नार्मल शाळेत माह्यी जागा लावून ठेवली. मास्तरीण होयाचं होतं. फी नाही, राहाले फुकट. माह्यी टरंक बैलबंडीत ठेवून झाली होती."

केवळराम जमिनीकडे बघत होते.

"मायचं म्हणणं, जाऊ द्या. भय्याजीचं म्हणणं, टाकलेली पोरगी नागपूरले राहीन तं लोक काय म्हणतीन. दोघायचं एवढं भांडण झालं, का माय दोन दिवस जेवली नाही. मी म्हणलं, भांडू नका, मी नाही जात. सगळ्याले बरं वाटलं. आता जसं वाटलं तसंच. दादा, तुमीच माह्यी टरंक बंडीतून काढून आणली."

"हो," केवळराम म्हणाले. त्यांना ती ट्रंक चांगली आठवत होती. हलकी होती. आत फारसं काही नव्हतंच.

"आणि दुसऱ्या दिवशी भय्याजी तलाठ्याकडं गेले. पोरगी ऐकणारी निंगाली म्हणून खुश होऊन त्यांनी मले तीन बांध्या देल्ल्या. तुमी सगळे त्याले चोळीबांगडी म्हणता. मी कधी काही म्हणलं नाही. पण मले मालूम आहे ते कायचे आहेत. मले शाळेच्या बदल्यात जमीन भेटली. आता मी जमिनीच्या बदल्यात शाळा घेऊन राहिली. माह्यासाठी नाही भेटन तं कोणासाठी तरी भेटन."

"पण चंद्रकलेले नाही भेटत ना बाई," तेजराम हळूच म्हणाला. "नियम आहे."

"ऐकलं मी."

या नियमाचा तिने विचार केला नव्हता आणि आता उभ्या उभ्या करावा लागत होता. चंद्रकला तिच्या मागे उभी होती. केवळरामांना तिचं अडखळणं आपल्या फायद्याचं वाटलं.

"शकुन," ते मऊ आवाजात म्हणाले, "जे झालं ते झालं. भय्याजीचा सभाव तसा होता. पण तू इश्वरच्या हातात आमचा गळा नको देऊ. तुले द्याचंच असंन तं मले भाव मांग. लिलाव कायले? बाजारात जो भाव असंन तो मी देतो. तो पैसा तू कालेजले दे, विहिरीत टाक, मी इचारणार नाही. जमीन मले दे."

शकुनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. आपल्याजवळ भावाला हवं असलेलं काहीतरी आहे, हे तिला सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा जाणवलं. ती जाणीव तिला आवडली आणि ती लपवायची तिला गरज वाटली नाही.

"साहेब, असं चालते काय? लिलाव न करता?"

"तुम्ही विकून आम्हाला पैसाच दिला तर उलट सोपं," पुंडलिकराव म्हणाले. "आमचा लिलावाचा ताप वाचतो."

"मंग दादा, तुमालेच देतो. पण भाव मी सांगीन."

"सांग."

"बाजारभाव पुरा. तो कालेजमधे जाईन, परक्या पोरींसाठी. आणि त्याच्यावर चंद्रकलेचं एक वर्ष. फी, राहणं, जाणं-येणं, तुमच्या खिशातून. माह्या नाही, तेजरामच्या नाही. तुमच्या."

"हे तं एका जमिनीची दोनदा किंमत झाली."

"हो."

"असं कुठं असते?"

"पाणी त्या बांध्यांतूनच जाते ना, दादा?" शकुनबाई म्हणाली. "नाही तं साहेब लिलाव करतीन. इश्वरले एकदाच द्या लागन."

तेजरामला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात दाबलं. केवळरामांनी आयुष्यभर बैल, धान आणि सोयरिकी यांचे सौदे केले होते. समोरचा खरंच उठून जाणार आहे की नुसता उठण्याचं नाटक करतो आहे, हे त्यांना माणसाच्या पायांवरून कळायचं. बहीण उभी होती ती हलायची नाही, हे त्यांना कळलं.

"आणि आमच्या भोजराजचं टॅक्टर?" आतून सत्यभामाबाई म्हणाली.

ट्रॅक्टर दोन वर्षं पुढे जाणार होता हे उघड होतं, आणि त्याचं खापर शकुनबाईवरच फुटणार हेही. "वयनी," ती म्हणाली, "रत्नाच्या वेळेस मी चूप बसली. मी बोलली असती तं काही झालं असतं का नाही, मले नाही मालूम. पण मी चूप बसली. तुमचा राग बरोबर आहे."

सत्यभामाबाई दारात आली. रत्नाचं नाव या घरात असं कोणी काढेल याची तिने वाटच सोडली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही. मग ती नवऱ्याला म्हणाली, "बैल आहेत ना अजून. बैलानं होते नांगरणी."

"पण शकुन," केवळराम म्हणाले, "जमीन गेल्यावर तुह्या हातात काय राहीन? उद्या मी नसंन तवा?"

"हे मीही इचार केला. भेव वाटते. नाही असं नाही."

"तिच्या हातात कायले काही पाह्यजे?" सत्यभामाबाई फणकारली. "जेवाले मी वाढतो ना तिले. का तुमी वाढता?"

केवळरामांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "ठीक आहे," ते म्हणाले. "धानाचे पऱ्हे टाकाच्या आधी खरेदी करून टाकू. चंद्रकला, तुह्यी भर्ती कवा आहे?"

"पुढच्या हप्त्यात, मोठे बाबूजी."

"तेजराम घेऊन जाईन तुले. नाही, मी येतो. मले वसतिगृह पाहाचं आहे."

चंद्रकला आत गेली आणि आईशेजारी जमिनीवर बसून रडली. निर्मलाबाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि तिला चूप म्हणाली नाही.

पुंडलिकरावांनी बूट खाली ठेवले आणि पिशवीतून कागद काढला. त्यांना पाचची गाडी गाठायची होती. "एवढं एक विचारून घेतो," ते म्हणाले. "शिष्यवृत्तीला नाव द्यावं लागतं. कोणाच्या स्मरणार्थ ठेवायची?"

"भय्याजीचं टाका," केवळराम म्हणाले. "जमीन त्यायचीच होती."

"भय्याजीचंच," तेजराम म्हणाला. आत सत्यभामाबाईनंही मान हलवली. दिवसभरात पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं होतं. पुंडलिकराव लिहायलाही लागले.

"नाही," शकुनबाई म्हणाली.

पेन थांबलं.

"भय्याजीनं जमीन देल्ली. मी त्यायले जमीन मांगतलीच नव्हती, शाळा मांगतली होती. ते त्यायनं नाही देल्ली, मी देऊन राहिली. माह्यं नाव टाका."

"चालेल ना," पुंडलिकराव म्हणाले. त्यांनी आधीचं खोडलं. "शकुनबाई... पुढे? वडिलांचं नाव लावायचं की मिस्टरांचं?"

"पुढं काही नाही लावाचं. तेवढंच."

नुसतं एकच नाव लिहिलेली शिष्यवृत्ती पुंडलिकरावांच्या टेबलावर आजवर आली नव्हती. त्यांचं पेन कागदावर अडलं आणि सवयीनं त्यांनी घरच्या मोठ्या माणसाकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाहता?" केवळराम म्हणाले. "देणारी शकुन आहे. ते सांगते ते लिवा."